मालक बसलेत ती जागा

माझं माहेर निलंग्याकडलं, सासर हितं, लातूरच्या अलीकडं. आमी लिंगायत, शिवाचं नाव घेणारे. मालक माझे लई अबोल, रानात गेले की बैलांसंग बोलायचे, माझ्यासंग न्हाई, बघा तुमी. दुष्काळात खडी फोडायच्या कामावर तापानं गेले, तवा लेक माझ्या पोटात व्हता. आमच्यात जाळत न्हाईत, हातात लिंग देऊन खड्ड्यात बसवत्यात, आपल्याच रानात. तसं बसवलं. वर ओटा बांधावा तं गारा कालवायला पाणी कुठलं, प्यायलाच न्हाई. म्हणून तिथं खुणेला मी कडूलिंबाचं रोप लावलं, अन् माझ्या वाटणीच्या पाण्यातलं गडूभर रोज त्याला घालायची. सासू म्हणायची, येडी झालीस का गं. पण रोप जगलं माय.

मंग लातूरचा जिल्हा झाला, अन् काही सालांनी लोक म्हणू लागले, आता आपल्याकडं विद्यापीठ येणार, जमिनी घ्यायलेत. मोजणीवाले आले साखळी वढत. विहीर हाय का, हाव, झाडं किती, आंबे दोन, लिंब एक, सगळं लिहून घेतलं. रानात कुणाची समाधी हाय का, आताच सांगा म्हणले. भावकी आधीच कानाला लागलेली, समाधी सांगशील तं रान भांडणात पडंल, जमिनीच्या बदल्यात घरटी एक नोकरी म्हणत्यात तीबी जाईल. लेक शेजारी हुभा. मी त्याच्याकडं बघितलं अन् न्हाई म्हणले. काय सांगू तुम्हाला, माझ्या ह्या तोंडानं मी न्हाई म्हणले.

नोकरी कुठली! लेक दहावी नापास म्हणून त्याला घेतलंच न्हाई, तो पुण्याला गेला, तिकडंच हाय. विद्यापीठात झाडायचं काम मला मिळालं, तेबी ठेकेदाराकडं. पहिल्या दिशी झाडू घेऊन गेले तं माझंच रान मला वळखू येईना. लिंब तोडलेला, विहीर बुजवलेली, बांध मोडून सगळं सपाट. मालक पायऱ्यांखाली असतील का गाड्या लावत्यात तिथं, लई फिरले, लई रडले.

आता पोरी लांबून येत्यात, औशाच्या, माझ्या निलंग्याच्या. शिकू दे शिवा, त्यांचं भलं कर. त्यांच्यावर माझा राग न्हाई, राग हाय तो माझा माझ्यावरच. परवा एक पोरगी म्हणली, मावशी, फरशी एवढी तापलीय, चप्पल का घालत न्हाईस? मी म्हणले, सवय हाय माय. तिला काय सांगू. ते कुठं बसलेत ठाव न्हाई, मंग सगळंच अनवाणी झाडते.