नळातलं चामडं

नळाले पाणी नाही म्हणून काहून बोंबलून राहिले बाप्पा? इंग्रजांच्या वेळी अमरावतीत आमच्या घरी पहिला नळ आला, तेव्हा पाणी धो धो यायचं, पण आमची आत्या ते तोंडाले लावत नव्हती. नळाच्या तोटीत चामड्याची चकती असते, असं तिले कोणीतरी सांगितलं होतं. झालं! भर वैशाखात कळशी घेऊन ती माळ्याच्या विहिरीवर जायची. एकदा तिथंच तिले भोवळ आली.

माहे वडील वकील. त्यांनी बहिणीले घरी आणून उलटतपासणीच सुरू केली.

"अक्का, विहिरीतून पाणी कशानं काढतात?"

"मोटेनं."

"मोट कशाची असते?"

"चामड्याची."

"म्हणजे नळात बोटाएवढं चामडं चालत नाही, अन् विहिरीत अख्खा बैल बुडवलेला चालते?"

आम्हाले वाटलं, आत्या हरली. तिनं शांतपणे पदर सावरला.

"तो बैल म्हणजे माळ्याचा ढवळ्या, मेल्यावर त्याच्याच चामड्याची मोट शिवली. दर पोळ्याले मीनं त्याले माह्या हातानं पुरणपोळी चारली होती. तुह्या नळात कोण आहे, ते सांग!"

दुसऱ्या दिवसापासून विहिरीवरून कळशी वकीलसाहेब आणू लागले.