दृक म्हंजे पाहनारा

बस करिश्मा, उठू नको. अकोल्याच्या डोळ्याच्या दाक्तरनं सांगतलं ना — लेकराले जन्माचा मोतीबिंदू, आनाले उशीर केला, आता आपरेशन करूनबी फारसं दिसनार नाई — मंग आता मोबाइल काहून चाळून राहिली? नाव त्याच्यात सापडलं, डोळेबी त्याच्यातच सापडतीन का? बारशाले मी म्हनली, नाव 'खुशाल' ठेवू, आमच्या बाबाचं — आत्या हाये मी, पाळन्यात नाव ठेवाचा मान माहा — तं तू हासली. गावातल्या बायायसमोर हासली. 'जुनाट वाटते ताई.' अन् मंग तुहं सुरू झालं — ड्रॅगनले चीनमदी लुंग म्हंतेत, भूतानमदी द्रुक, ग्रीकमदी द्राकोन — अन् द्राकोन म्हंजे टक लावून पाहनारा, आपल्या संस्कृतातला दृक त्याच्याच कुळीतला, दृक म्हंजे पाहनारा, म्हून नाव दृकच. माह्या तोंडातून दुरूकच निघे, ट्रॅक्टर चालू होत नाई तसं. तू पुन्हा हासली.

पाहनारा म्हने. मले तवाच हासू आलं, पन दाबलं मी. काहून म्हंजे? मीच ओवाळलं ना त्याले — बारसं तुह्या माहेरच्यायपाई लांबलं, तीन महिन्याचं लेकरू ते — निरांजन इकडून तिकडं नेली तं बांगड्यायच्या आवाजाकडं मान फिरवे, दिव्याकडं नाई. मंग बांगड्या वर दाबून धरल्या अन् दिवा पार नाकापाशी नेला — पापनी हालली नाई. बुबुळात पांढरं, ताकाचा थेंब पडल्यावानी. तिथंच समजलं मले. मंग कानात कुर्र केलं अन् तू म्हनली तेच नाव ठेवलं — ठेव म्हनलं, चांगलं शोभते.

सांगाचं? कोनाले सांगाचं? तुले? माहं नाव चाललं नाई, मंग माही नजर काहून चालन? किशोरले सांगनार व्हती — माहाच भाऊ हाये — पन तोबी तुह्यासंगं हासला व्हता त्या दिवशी. अन् मले वाटलं, जिले साऱ्या जगाच्या भाषा समजतेत, तिले आपल्या लेकराचे डोळे समजतीनच. नाई समजले, त्याले मी काय करू? एक महिना वाट पाह्यली, दोन पाह्यले — तू आपली सोशल मीडियावर त्याचे फोटो टाकून राहिली, खाली लिहून राहिली, मम्माकडं पाहते म्हून.

अशी काय पाहून राहिली माह्याकडं? दाक्तरनं इचारलं ना तुले, आधी कोनाच्याच ध्यानात आलं नाई का — तं आलं व्हतं, आता सांगजो त्याले. जा, उठलं पाह्य लेकरू, रडून राहिलं. अन् बोलत बोलत जा, नाई तं त्याले कसं समजन कोन आलं.