मोटारीचं पाणी

नंदा : ...आणि इथे थांबायचं, अप्पा. मी पाचव्या पानाच्या समासात लाल शाईनं 'थांबा' असं लिहिलंय. मग टाळ्या होतील. टाळ्या पुऱ्या संपल्या की पुढचं वाक्य. घाई करायची नाही.

पंचाक्षरी : म्युनिसिपालटीच्या सभेत टाळ्या वाजवत नाहीत, नंदा. जांभया देतात.

नंदा : आज वाजवतील! पाच महिन्यांत पहिल्यांदा बोलणार तुम्ही. पंचाक्षरी वकील, मेंबर, नाल्याकाठच्या विहिरीच्या ठरावावर! मी बायकांच्या बाकावर अगदी पुढे बसणार. आमच्या बाईंनी सबंध दुपारची रजा दिलीय. म्हणाल्या, वक्तृत्वाची ढाल तू मिळवलीस, आता वडलांचं ऐकून ये. मी म्हटलं, भाषण मीच उतरवून दिलंय, दोन वाक्यं तर माझीच आहेत, म्हणजे वडीलच माझं ऐकतायत.

पंचाक्षरी : असं म्हणालीस तू बाईंना?

नंदा : अर्धं मनात म्हटलं. धुळामामा, जरा जोरात घ्या की! सभा चुकेल आमची.

धुळा : ताई, मेंढरं असती तर हाकली असती. मोटारीला हाळी दिल्यानं काय हुतंय? आदीच तापलीया ती.

नंदा : आणि मोटार थेट दारात लावा हं. सगळ्यांना दिसेल अशी.

पंचाक्षरी : नको. कोपऱ्यावर उतरव, धुळा.

धुळा : रोज कोपऱ्यावरच उतरवतो की. तरी बी समद्यास्नी ठावं हाय, मोटार कुनाची हाय ते.

पंचाक्षरी : इलेक्शनचा निकाल लागला त्याच दिवशी परत करायची होती मला.

धुळा : तीनदा नेली न्हवं का मी माघारी? तीनदा गिरणीच्या एजंटसायबांनी परत धाडली. "वकिलांच्या दारात लाव आन् मग तुझ्या घरी जा." त्यो हुकूमच हाय मला.

नंदा : मग त्यात एवढं काय? गिरणीकडे चार मोटारी आहेत. इलेक्शनला एक दिली, आता विसरले असतील.

पंचाक्षरी : गिरणीवाले विसरत नाहीत, बाळ.

नंदा : मग मागतात का काही तुमच्याकडे?

पंचाक्षरी : तेच तर. मोटार दिली, पेट्रोल दिलं, प्रचाराच्या साठ पोरांना फेटे दिले, भिंतीभिंतीवर माझं नाव छापून लावलं. आणि पाच महिन्यांत शब्दानं काही मागितलं नाही. मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं.

नंदा : मग घेतलंतच कशाला?

पंचाक्षरी : मला वाटलं, रोख घेतली नाही म्हणजे काहीच घेतलं नाही. वकील आहे ना मी. आणि आता तुझी आई. तीस वर्षं टांग्यातून देवळात जात होती. परवा म्हणाली, टांग्यानं हाडं खिळखिळी होतात.

धुळा : वैनीसाब सोमवारी सिद्धेश्वराला गेल्या हुत्या. त्याच्या आदल्या सोमवारी बी. बार्शीचं लगीन आटपून रातच्याला आपून आलो, ते बी सांगितलं मी.

नंदा : सांगितलं? कुणाला?

धुळा : एजंटसायबांच्या बंगल्यावर. रोज सांजच्याला इचारत्यात, मोटार कुटं गेली हुती, कोन कोन बसलं हुतं.

नंदा : आणि तुम्ही सांगता? म्हणजे चहाडी करता आमची!

धुळा : व्हय ताई. मैलाचा काटा हाय मोटारीला, त्यो माझ्या आदी बोलतोय. पर तुमच्या अप्पास्नी इचारा, पयल्याच दिशी सांगून टाकलं हुतं मी. चहाडी करतो, पर सांगून करतो.

पंचाक्षरी : खरं आहे. सोलापुरात माझ्याशी खरं बोलणारा हा एकच माणूस, आणि पगार त्यांचा खातो.

धुळा : साहेब, थांबावं लागतंय. वाफ निघाया लागली. उतरू नगा, मी पानी घालतो.

नंदा : अय्या, ही तर तीच विहीर! अप्पा, इथेच तुमची पहिली सभा झाली होती ना? मी घरून लाडू आणले होते पोरांसाठी.

धुळा : ह्याच मोटारीवर हुबं ऱ्हाऊन बोल्ला हुता साहेब. "निवडून आलो तर पयलं काम ह्या हिरीचं. गिरणीची मोरी नाल्यातनं हलवाय लावीन." ज्यास्नी मत हुतं त्यांनी समद्यांनी दिलं.

नंदा : आणि गिरणीवाल्यांना ते बोलणं चाललं?

पंचाक्षरी : तेव्हा बोलणं चालतं.

नंदा : धुळामामा, मागे काय शोधताय? समोर विहीर आहे. काढा की एक बादली!

धुळा : त्या हिरीचं न्हाय चालत. मागं डबा हाय माझ्याजवळ.

नंदा : पावलावर पाणी आहे, आणि तुम्ही डबा वागवता?

धुळा : ताकीद हाय तशी. त्या हिरीत गिरणीचं रंगाचं आन् धुलाईचं पानी उतरतंय न्हवं का. इंजिनवाले सायेब म्हनले, ह्या हिरीचा थेंब मोटारीत घालायचा न्हाय, आतल्या नळ्या खातंय ते पानी. रोज सकाळी टाकीच्या नळाचा डबा भरायचा आन् मगच मोटार भाईर काढायची. सरा जरा, भाजंल. झाकन उघडतो.

नंदा : अप्पा, ऐकलंत?

पंचाक्षरी : ऐकलं.

नंदा : मोटारीला चालत नाही! लोखंडाला चालत नाही, आणि त्या बायका तिथे घागरी भरतायत! धुळामामा, त्यांना कुणी सांगितलं नाही?

धुळा : सांगून काय करत्याल, ताई? दुसरी हीर कुटं हाय? ती तांबड्या लुगड्यातली दिसतीया न्हवं, काठाला टेकलेली? ती माझी भैन, चिमा. गिरणीतच हाय कामाला. आकाडात तिचं तानं पोर गेलं, हगवनीनं. दोन ऱ्हायलीत.

नंदा : मग तिला ह्या डब्यातलं द्या की.

धुळा : उरलं तर देतो तांब्याभर. कुनी बगत नसलं तर. चोरीच म्हना की ती.

नंदा : पाचवं पान द्या, अप्पा. द्या हो लवकर! पेन्सिल आहे माझ्याकडे. हे बघा, इथे समासात लिहिते. "गिरणीच्या मोटारीत ह्या विहिरीचं पाणी घालायला गिरणीच्याच इंजिनिअरांनी मनाई केली आहे. जे पाणी मोटारीला सोसत नाही, ते आमच्या लेकरांना कसं सोसेल?" बस्स! माझ्या ढालीच्या भाषणातसुद्धा असं वाक्य नव्हतं. ह्यावर कोण काय बोलेल?

पंचाक्षरी : एवढंच बोलतील, की तुम्हाला सांगितलं कुणी.

नंदा : नाव नका घेऊ.

पंचाक्षरी : ही गोष्ट तिघांना ठाऊक आहे. इंजिनवाले साहेब, एजंट आणि धुळा. पहिले दोघे मला सांगायला येणार नाहीत. नाव घ्यायची गरजच नाही, नंदा.

नंदा : मग... मग खोडू?

धुळा : खोडू नगा.

पंचाक्षरी : धुळा, तू मोटारीचं बघ.

धुळा : मोटारीचं झालं साहेब. वाक्य ऱ्हाऊ द्या त्ये. बोला तुमी.

पंचाक्षरी : उद्या सकाळी गिरणीच्या दारात उभं करणार नाहीत तुला.

धुळा : न करूद्यात. बापाची मेंढरं हायत सांगोल्याकडं. मेंढरं कवा इचारत न्हाईत, आज कुटं गेला हुतास, कोन बसलं हुतं म्हनून.

पंचाक्षरी : चेष्टा नाही ही. नीट विचार कर. बायको आहे, पोरं आहेत.

धुळा : केला की. ती काठाला टेकलीया तवर केला. पाच म्हैने करतोय. तुमी बोला साहेब, नोकरी गेली असं मी आत्ताच धरतो. आँ? आता तर जाऊ का जोरात, ताई?

नंदा : जोरात, मामा! अगदी जोरात!

(अडीच तासांनी. तीच मोटार, परतीच्या वाटेवर.)

धुळा : ताई, लई गप झालासा. घसा बसला का टाळ्या वाजवून?

नंदा : मी समासात 'थांबा' लिहिलं होतं ना, मामा. तिथे अप्पा थांबले. आणि पुढे गेलेच नाहीत.

धुळा : म्हंजी?

पंचाक्षरी : कमिटी नेमली, धुळा. पाण्याची तपासणी करायची आणि सहा महिन्यांत अहवाल द्यायचा.

धुळा : सा म्हैने. म्हंजी उन्हाळा गेला. कमिटीत कोन कोन हाय?

पंचाक्षरी : मी.

धुळा : आन्?

पंचाक्षरी : गिरणीचे इंजिनवाले साहेब.

धुळा : बेस झालं. त्यास्नी पान्यातलं कळतंय.

नंदा : कमिटीची सूचना कुणी मांडली तेही सांगा की.

पंचाक्षरी : मी मांडली.

नंदा : मी बघत होते. पाचव्या पानापर्यंत इतकं छान वाचलंत, अप्पा! शेजारच्या गोजाबाई म्हणाल्यासुद्धा, वडलांचा आवाज खणखणीत आहे हो. मग तुम्ही समासावर बोट ठेवलंत. माझ्या पेन्सिलीवर. मला वाटलं, आता! आणि तुम्ही पट्टेवाल्याकडे पाणी मागितलंत. पेलाभर प्यालात. पेला खाली ठेवलात आणि कागदांची घडी घातलीत.

पंचाक्षरी : एजंट आले होते. सभेच्या आधी पायरीवरच भेटले.

नंदा : धमकी दिली?

पंचाक्षरी : छे. हात जोडून नमस्कार केला. म्हणाले, "वहिनींना मोटार बरी पडते ना?" एवढंच. मग मागच्या बाकावर जाऊन पानाचा डबा उघडून बसले. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

नंदा : मग घाबरायचं कशाला?

पंचाक्षरी : घाबरलो नाही गं. दमलो. उभ्या उभ्या एकदम दमलो. वाटलं, आता हे बोलायचं, मग ते निस्तरायचं, मोटार परत पाठवायची, ती पुन्हा येणार, पुढच्या खेपेला फेटे दुसऱ्याच्या पोरांच्या डोक्यावर. आणि धुळा डोळ्यापुढे आला. म्हटलं, आपल्या एका वाक्यापायी ह्या माणसाचं घर बसेल.

धुळा : माझं?

पंचाक्षरी : तुझंच. तुझ्यासाठी आवरलं मी.

धुळा : साहेब, एक बोलू? रागवू नगा.

पंचाक्षरी : बोल.

धुळा : त्ये माझ्या माथ्यावर नगा घालू. मी दुपारीच सोडली हुती नोकरी. त्या हिरीवर, तुमच्या म्होरं. इतकं हलकं वाटलं हुतं की मला, मोटार कशी पळवली बगितलंसा न्हवं? तुमी ती माघारी आनून माझ्या गळ्यात बांदली. मला न इचारता. आली बगा हीर. आन् ही मोटारबाई बी बराबर हितंच तापती. उतरतो.

पंचाक्षरी : धुळा, थांब. डबा राहू दे. आज त्या विहिरीचंच पाणी घाल मोटारीत.

धुळा : काय म्हनता?

पंचाक्षरी : घाल. खाऊ दे नळ्या. फुटू दे एकदाची. मग तरी दारातून हलेल.

धुळा : आन् उद्या बंगल्यावर जबाब कोन देनार? तुमी?

पंचाक्षरी : ...नाही. तूच देशील.

धुळा : मग ऱ्हाऊ द्या त्ये. डब्यातलंच घालतो. मोटारीला अर्धा डबा बास हाय.

नंदा : आणि उरलेला अर्धा?

धुळा : त्यो उद्याला.

नंदा : उद्या नळाचा नवा भरालच की. इकडे द्या तो. मी नेते चिमाबाईंकडे.

धुळा : नगं ताई! आत्ता समदी वस्ती बगतीया. सांजच्याला इचारलं, पानी कुटं गेलं, तर?

नंदा : तर सांगा. खोटं नाहीच बोलायचं. सांगा, नंदानं नेलं. नुसतं नंदा नको, पुरतं नाव सांगा, महानंदा पंचाक्षरी, इंग्रजी पाचवी. म्हणावं, चोरून नाही नेलं, लाल शाईत लिहून ठेवा. आणि उद्या शाळा सुटली की पुन्हा येणार आहे म्हणावं.

पंचाक्षरी : नंदा, जड आहे तो डबा.

नंदा : ढालसुद्धा जडच होती, अप्पा. ती मी पेठेतून घरापर्यंत हातात धरून आणली. तुम्ही मोटार पाठवणार होतात, मीच नको म्हटलं होतं.

धुळा : दोनी हातांनी धरा, ताई. अंगाशी घ्या. हिंदकळतंय बगा. हां... अशी. जावा हळूहळू. एऽ चिमे! जरा म्होरं हो, पोर येतीया! तुमी कुटं उतरताय साहेब?

पंचाक्षरी : चालत जातो घरी. नंदा परत आली की तीही येईल माझ्याबरोबर.

धुळा : लांब हाय की.

पंचाक्षरी : असू दे. आज तरी मोटार नको.

धुळा : चाला की मग. मी मागनं हळूहळू आनतो. तुमच्या दारात लावल्याबिगर मला माझ्या दारात जाता येत न्हाय.