आत राहिलेली पुंगळी

हार्लन: ...रायफलची पहिली गोळी बिनबोभाट सुटते. दुसरी भरायला लिव्हर खाली ओढतो, तर आतला बोल्ट रिकामाच मागे येतो. उडालेल्या काडतुसाची पुंगळी आतच. सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी, हलायचं नाव नाही.

सिग्ने: मग काढतोस कशी?

हार्लन: पुढून नळीत गज घालून ठोकतो. तोवर एल्क दुसऱ्या डोंगरावर पोचलेला असतो. रविवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम संपतोय, सिग्नेबाई, आणि माझा फ्रीजर अजून रिकामा आहे.

सिग्ने: न उडालेलं काडतूस काढून बघितलंस? ते निघतं?

हार्लन: ते निघतं. उडालेलंच अडकतं.

सिग्ने: उडालं की पितळ फुगतं, नळीतलं आपलं घर धरून बसतं. काडतुसं तू घरीच भरतोस ना? दारू किती घालतोस?

हार्लन: काडतुसात का पोटात?

सिग्ने: पोटातली वासावरून कळतेय. काडतुसातली विचारतेय.

हार्लन: मापात. आणि तुम्ही असं म्हणणार म्हणून दुकानातली पेटी आणूनही पाहिली. तीही अडकली.

सिग्ने: मग काडतुसाच्या घरात मळ असेल, नाहीतर गंज.

हार्लन: दोनदा ब्रश मारला. बत्ती धरून बघा, आरशासारखं आहे.

सिग्ने: लिव्हर पुरती ओढत नसशील. घाईत माणूस अर्ध्यावरून परत फिरतो.

हार्लन: सात वर्षांचा होतो तेव्हापासून ओढतोय.

सिग्ने: बरं बाबा. पहिल्यांदा अडकली कधी?

हार्लन: गुरुवारी.

सिग्ने: कुठे, वरच्या कुरणात?

हार्लन: घरी.

सिग्ने: घरी एल्क आला होता?

हार्लन: स्वयंपाकघरात साफ करत होतो. सुटली चुकून. भांड्यांच्या कपाटाला लागली.

सिग्ने: आणि साफ करता करता लगेच दुसरी मारायला लिव्हर ओढलीस?

हार्लन: तुम्ही रायफल बघा, सिग्नेबाई. माझं स्वयंपाकघर नका बघू.

सिग्ने: बायको कशी आहे, लॉर्ना?

हार्लन: बाहेर गाडीत बसलीय. हल्ली तिला घरी एकटी ठेवत नाही मी.

सिग्ने: या गारठ्यात? आत तरी आणायचीस. शेगडी पेटलेली आहे.

हार्लन: बसू दे. डोकं थंड होतं तिचं.

सिग्ने: बरं. सरक जरा. बोल्ट काढते.

(भिंगाखाली बोल्टवरच्या छोट्या आकड्याच्या टोकावर रेघा आहेत: बारीक, तिरक्या, एकसारख्या. आणि एका रेघेत लाल रंगाचा कण, नखाला लावायच्या रंगाचा. सिग्ने अंगठ्याने तो पुसून टाकते. भिंग खाली ठेवायला तिला जरा वेळ लागतो.)

हार्लन: काय दिसलं?

सिग्ने: झिजलाय. पुंगळीची कड धरून ओढणारा हा आकडा असतो ना, त्याचं टोक गेलंय. कड पकडतच नाही.

हार्लन: झिजला? मार्चमध्ये तुम्हीच नवा बसवलात. म्हणालात, नातवाला पुरेल.

सिग्ने: मी जास्तच बोलते. पोलाद हलकं निघालं असणार.

हार्लन: भिंग द्या.

सिग्ने: अरे, त्यात बघण्यासारखं काय—

हार्लन: द्या म्हटलं ना.

सिग्ने: घे.

हार्लन: ...सिग्नेबाई, लाकडाच्या गिरणीत वीस वर्षं मी करवतींना धार लावतोय. झीज गुळगुळीत असते. या रेघा आहेत. सगळ्या एका बाजूने, एकाच हाताच्या. कुणीतरी निवांत बसून कानस मारलीय.

सिग्ने: तसं वाटतं कधीकधी.

हार्लन: वाटत नाही, दिसतंय. आणि या रायफलला तीनच माणसांचे हात लागू शकतात. माझा. तुमचा. आणि एक गाडीत बसलंय. थांबा, बोलावतो तिला.

सिग्ने: हार्लन, दाराकडे जाऊ नकोस.

हार्लन: का?

सिग्ने: कानस मी मारलीय.

हार्लन: तुम्ही?

सिग्ने: मार्चमध्ये. नवा आकडा घट्ट बसत होता, म्हणून टोक जरा घासलं. दोन हात जास्त झाले. तेव्हाच कळलं होतं.

हार्लन: हंगाम लागला तेव्हा मी चार गोळ्या मारल्या. चारही पुंगळ्या निघाल्या.

सिग्ने: चिमूटभर टोक उरलं होतं, तेवढ्यावर निघाल्या. मग तेही गेलं.

हार्लन: कळलं होतं, आणि तशीच हातात दिलीत?

सिग्ने: तोच मागवून दोन आठवडे वाट बघितली होती. पुन्हा मागवायचा म्हणजे कबूल करायला लागलं असतं. जिवावर आलं.

हार्लन: कुठल्या कानशीने? या भिंतीवरच्या सगळ्या जाड आहेत. एवढी बारीक रेघ यातल्या एकीची नाही. दाखवा कुठली.

सिग्ने: भिंतीवर नाही ती.

हार्लन: मग कुठंय?

सिग्ने: एप्रनच्या खिशात. ही.

हार्लन: ही? ही नखं घासायची आहे!

सिग्ने: नाजूक कामाला बरी पडते.

हार्लन: नखांची कानस! माझ्या रायफलला! अरे देवा. माझा बाप म्हणायचा, बाईच्या हातात बंदुकीचं काम देऊ नये, आणि मी सगळ्या खोऱ्याला सांगत फिरत होतो, जा, सिग्नेबाईंकडे जा! तुझा नवरा होता तेव्हाच या दुकानात काही अर्थ होता.

सिग्ने: असेल.

हार्लन: उद्या गिरणीत प्रत्येकाला सांगणार मी. एक रायफल येणार नाही तुझ्याकडे.

सिग्ने: सांग. खरं आहे ते.

हार्लन: रविवारच्या आत दुसरा आकडा बसव.

सिग्ने: पोस्टाने यायला दोन आठवडे. रायफल इथेच ठेवते.

हार्लन: ठेव, भिंतीला शोभेला लाव. माझ्या भावाकडे दुसरी आहे, तीच आणतो संध्याकाळी. मी क्लेमच्या बारमध्ये जातोय. तोवर हिला आत बसव, गाडीची काच ठोठावतेय कधीची. आणि तिचं डोकं फिरवू नकोस.

सिग्ने: ये गं, लॉर्ना. शेगडीपाशी ये. हात बघू. बर्फ झालेत नुसते.

लॉर्ना: झाली दुरुस्त?

सिग्ने: नाही.

लॉर्ना: त्याला कळलं?

सिग्ने: माझ्याकडून झालं असं कळलंय.

लॉर्ना: तुम्ही... का पण?

सिग्ने: ते राहू दे. तुला त्या आकड्याचं कुणी सांगितलं?

लॉर्ना: तुम्हीच. गेल्या हिवाळ्यात चर्चच्या तळघरात बायकांना रायफल साफ करायला शिकवत होतात तेव्हा. म्हणालात, हा एवढासा आकडा गेला की रायफल म्हणजे नुसती काठी.

सिग्ने: हो. म्हणाले होते. सगळ्या हसल्या होत्या.

लॉर्ना: मी दोन दुपारी घासत बसले. लिव्हर उघडली की टोक समोरच येतं. मला वाटलं, आता गोळी सुटणारच नाही. गुरुवारी त्याने नेम धरला तेव्हा मी बशी पुसत उभी राहिले. हललेसुद्धा नाही. म्हटलं, काठी आहे ती.

सिग्ने: अगं बाई गं. पहिली सुटतेच. दुसरी भरत नाही एवढंच.

लॉर्ना: हो. इथून गेली, कानाजवळून. मग तो लिव्हर ओढत राहिला. ओढत राहिला, सिग्नेबाई. चार वेळा.

सिग्ने: माझीच जीभ मेली. सोपं करून सांगायला जाते आणि... ऐक. बारमध्ये तो किती वेळ बसेल?

लॉर्ना: राग आला असेल तर दोन ग्लास. वीस मिनिटं.

सिग्ने: त्यातली पाच गेली. तुझी बहीण ब्यूट शहरातच असते ना अजून?

लॉर्ना: हो, पण माझे कपडे, औषधं...

सिग्ने: ब्यूटला दुकानं आहेत. मागच्या दाराशी माझी गाडी आहे, किल्ली आतच असते. दुसरा गिअर पडत नाही चटकन. जोर लाव, रडत बसू नकोस त्याच्यावर.

लॉर्ना: तो इथे येईल. तुम्ही एकट्या.

सिग्ने: आल्यावर बघू. माझा कोट घाल. तो नाही, जाड. टोपीपण. नदीकडच्या रस्त्याने जा, बारवरून नको.

लॉर्ना: सिग्नेबाई—

सिग्ने: जा गं आता.

(मागची गाडी निघून जाते, आणि थोड्याच वेळात पुढचं दार उघडतं.)

हार्लन: एकच ग्लास घेतला, क्लेमने दुसरा दिला नाही. चल, लॉर्ना, भावाकडे जायचंय. लॉर्ना! ...गाडीतही नाही ती. कुठंय?

सिग्ने: दार लाव आधी, हार्लन. आत ये आणि नीट लावून घे. मग सांगते, सावकाश.