फ्लॉपीतला प्रश्न

इंग्लंडात स्टॉकपोर्टला जुन्या कॉम्प्युटरांचा मेळा भरला होता. चहाच्या रांगेत पुढचे दोन म्हातारे बोलू लागले, तसे ग्लेनिसने कान टवकारले.

"ट्रेव्हर, झाला का तुझा फ्लॉपी ड्राइव्ह चालू?"

"झाला एकदाचा. पट्टा बदलला, हेड पुसलं, तरी दिवा आपला सारखा पेटलेलाच."

"म्हणजे केबल उलटी!"

"आमची जॅनिस पहिल्याच दिवशी म्हणाली होती. मी हसलो. मोठा शहाणा ना मी!"

"फ्लॉपीत काय निघालं?"

"तरुणपणी तिच्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम. 'माझ्याशी लग्न करशील?' आणि खाली 'हो' की 'नाही' ते दाबायचं. तेव्हाही ड्राइव्ह चाललाच नाही, शेवटी तोंडानंच विचारलं."

"मग आता वहिनींनी काय दाबलं?"

"'नाही'. म्हणाली, बघू तरी पुढं काय लिहिलंयस."

"काय होतं?"

"परत तोच प्रश्न. 'नाही' आलं तर पुढं काय, याची सोयच ठेवली नव्हती मी गाढवानं!"