लागू नाही

(बिबवेवाडीतली पुनर्वसनाची इमारत, सातवा मजला. मंगळवारची सकाळ. लिफ्टच्या दाराला आडवी फळी ठोकलेली. शेफाली जिना चढून भीमराव आणि शालन यांच्या दारात पोचते.)

भीमराव : या मॅडम. आधी श्वास घ्या. मग काय खोटं बोलायचं ते बोला.

शेफाली : काका... एक मिनिट... सात मजले...

भीमराव : चौदा जिने. मजल्याला दोन. आणि पाचव्यावर एक पायरी फुटलीय, ती कुठल्याच हिशेबात धरत नाहीत.

शालन : अहो, पोरगी दारात उभी हाय, आत तर येऊ द्या. ये गं, बस. हे घे पाणी. ह्यांच्या बोलण्याकडं लक्ष देऊ नको. एकतीस वर्षं स्वारगेट डेपोला कंडक्टर होते. घरात पाव्हणा आला तरी पुढं सरका म्हणत्यात.

शेफाली : थँक्यू काकू. पण तुमचा मेसेज वाचून मी जाम घाबरले. "घात झाला, लगेच ये." मला वाटलं काकांना काही झालं.

भीमराव : काकांना काय होणार? काका शहाण्णव टक्के आहेत.

शेफाली : म्हणजे?

भीमराव : खाली गेटवर कागद डकवलाय, शालननं फोटो काढून आणला. वाचून दाखवतो. चष्मा नको, पाठ झालाय. "सदर इमारतीतील रुग्णांचे जीवनमान शंभरपैकी शहाण्णव आढळल्याने, औषधांची मोफत गाडी पुढील गुरुवारपासून अन्य वस्तीत उभी राहील. अंतिम निर्णय उद्याच्या बैठकीत. कृपया नोंद घ्यावी." घेतली नोंद. शहाण्णव! मला गणितात एकदाच अडतीस पडले होते, तर वडिलांनी मास्तरांना जाऊन विचारलं, काही चुकलं नाही ना?

शेफाली : अय्यो. गाडीवाल्या ट्रस्टने डायरेक्ट नोटीसच लावली? मी तर फक्त स्कोअर दिला होता.

शालन : मंजी तूच दिलास?

शेफाली : काकू, माझं कामच ते आहे. मी फार्मसीवाली, पीएचडी करतेय. गोळ्या घेऊन माणसाचं जगणं किती सुधारतं ते मोजायचं. चौदा वस्त्यांतल्या पेशंट्सना सेम प्रश्न विचारले. तुमची बिल्डिंग पहिली आली! आमचे सर तर इतके खूश, म्हणाले औषधांचा असा रिझल्ट आजवर बघितला नाही. उद्याच्या मीटिंगला मी प्रेझेंट करणार आहे. थिसिसचा एक अख्खा चॅप्टर त्यावर आहे.

भीमराव : वा. आम्ही पहिले आलो म्हणून आमचं औषध बंद. शाळेत निदान कंपास पेटी तरी द्यायचे.

शेफाली : गाडी एकच आहे हो काका. जिथं त्रास जास्त तिथं ती जाणार.

शालन : आणि आमी काय करायचं? ह्यांचा दम्याचा पंप, श्यामलाबाईच्या साखरेच्या गोळ्या, बेचाळीस माणसं हायेत त्या गाडीवर. सरकारी दवाखान्यात दोन बसा बदलून जायचं, दिवसभर रांगेत उभं ऱ्हायचं, आणि खिडकीपाशी गेलं की म्हणत्यात पंप संपले. ह्यांना दोन दिस पंप न्हाई मिळाला तर काय होतं ते मी बघितलंय. व्हट निळे पडतात, पोरी.

भीमराव : शालन, झालं.

शालन : काय झालं? सांगू द्या की तिला.

शेफाली : पण काकू, फॉर्म तर तुम्हीच भरलेत ना? मीच गठ्ठा दिला होता. बचत गटाच्या सेक्रेटरी, अक्षर छान, सगळ्यांच्या घरी जाणं-येणं.

शालन : मंग! दारोदार फिरून, एकेकाला इच्चारून, बेचाळीस फॉर्म भरले. एक शब्द खोटा न्हाई त्यात.

भीमराव : तिचं अक्षर खरंच छान आहे. लग्न ठरल्यावर तिनं मला पत्र पाठवलं होतं, किराण्याच्या यादीइतकं स्वच्छ. भावना पण साधारण तितक्याच.

शेफाली : थांबा, टॅबमध्ये सगळे फॉर्म आहेत. काकांचाच काढते. हं. प्रश्न पहिला. "जिना चढताना दम लागतो का?" उत्तरं पाच. अजिबात नाही, थोडा, बराच, खूप, आणि लागू नाही. तुमच्या फॉर्मवर टिक आहे "लागू नाही"वर.

भीमराव : बरोबर आहे.

शेफाली : कसं काय बरोबर?

भीमराव : मी जिना चढतच नाही. लिफ्ट बंद पडून आठ महिने झाले. तेव्हापासून मी खाली उतरलेलो नाही. जो उतरला नाही, तो चढणार कसा? नियमानं प्रश्न लागू नाही. आमच्या रात्रीच्या गाडीत पाटी असायची, "पास रातराणीला लागू नाही." तसं.

शेफाली : आठ महिने? काका, तुम्ही आठ महिने या खोलीत आहात?

भीमराव : खोली नाही म्हणायचं. दोनशे एकोणसत्तर चौरस फूट. बाल्कनी धरून.

शालन : काहीतरीच सांगू नका हो तिला. फॉर्म मी भरलाय, मला ठावं मी काय लिहिलंय. रातराणीचा काय संबंध? लागू न्हाई मंजी औषध लागू न्हाई.

शेफाली : काय म्हणालात?

शालन : अगं, औषध लागू पडतं का न्हाई, तेच इच्चारलंय ना तुमी? औषधवाले अजून काय इच्चारणार? जिना चढताना ह्यांना लई दम लागतो आणि त्यावर तुझा पंप काय लागू पडत न्हाई. म्हणून टिक केली.

शेफाली : काकू... सगळ्यांच्या फॉर्मवर तुम्ही असंच...?

शालन : जिथं गोळी लागू पडंना तिथं.

शेफाली : हा बघा, तिसऱ्या मजल्यावरच्या श्यामलाबाई. "गुडघे दुखतात का?" लागू नाही.

शालन : बिचारी जिना बसून बसून चढती. हातात पिशवी आसली तर आधी पिशवी वरच्या पायरीवर ठेवती, मग आपण सरकती. कंच्याच गोळीचा गुण न्हाई.

शेफाली : महिपती, चौथा मजला. "झोप लागते का?" लागू नाही.

शालन : तीन डॉक्टर झाले त्याचे.

शेफाली : आप्पासाहेब. "एकटं वाटतं का?" लागू नाही.

शालन : बायको गेली त्याची दिवाळीत. त्याला काय गोळी देणार हाय तू?

शेफाली : अरे देवा. अरे देवा, देवा.

भीमराव : देवाला नका बोलावू, लिफ्ट बंद आहे.

शेफाली : काका, मीच कॉम्प्युटरला शिकवलंय, "लागू नाही" म्हणजे त्रास शून्य! ज्याला जास्तीत जास्त त्रास, त्याला फुल मार्क्स गेलेत!

भीमराव : जरा माझा फॉर्म पुढं बघू. हा काय, सतरावा प्रश्न. "आपल्या वैवाहिक जीवनात आपण समाधानी आहात का?" इथंही टिक... शालन?

शालन : काय?

भीमराव : लागू नाही?

शालन : चव्वेचाळीस वर्षं झाली. आता त्यावर कंचं औषध लागू पडणार हाय?

शेफाली : सॉरी काका, मला हसायचं नव्हतं...

भीमराव : हसा, हसा. शास्त्रीय संशोधन आहे. माझं मत विचारायची पद्धत नव्हती का हो यात?

शालन : तुमी झोपला होता तवा.

भीमराव : तरीच मी समाधानी होतो.

शालन : आता हसू आवर गं, आणि सांग. गाडीचं काय करायचं?

शेफाली : काकू, मी विचार करतेय, हे कुणाच्याच लक्षात आलं नसतं. सरांच्या नाही, ट्रस्टच्या नाही. मी उद्या बोलले असते, टाळ्या पडल्या असत्या, चॅप्टर पास झाला असता. आता सांगितलं तर दोन वर्षांचं काम... बाकीच्या तेरा वस्त्यांत पण हाच फॉर्म वापरलाय हो मी. तिथं कुणी काय अर्थ लावला असेल, कुणास ठाऊक.

शालन : तुझं नुसकान व्हणार मंजी.

शेफाली : घरी आई रोज विचारते, कधी संपणार. मी म्हणते, या वर्षी. तीन वर्षं झाली, मी "या वर्षी"च म्हणतेय.

भीमराव : मॅडम, एक सांगू? कधी कधी एखादा माणूस चुकीच्या गाडीत चढतो. जायचं असतं कात्रजला, बसतो हडपसरच्या गाडीत. ते कंडक्टरच्या लक्षात आलं, की त्याला पुढच्याच स्टॉपला उतरवायचं. तो चिडतो, शिव्या देतो, तिकिटाचे पैसे मागतो. तरी उतरवायचं. गप्प बसून शेवटच्या स्टॉपपर्यंत नेलं तर तो तिथं रडतो, आणि ते बघवत नाही.

शेफाली : मी कंडक्टर आहे का चुकीच्या गाडीत बसलेली?

भीमराव : ते तुम्ही ठरवा. मी घंटी मारली.

शेफाली : सरांना फोन लावते... हॅलो सर, शेफाली बोलतेय. सर, ते शहाण्णव शहाण्णव नाहीये... नाही सर, सत्त्याण्णव पण नाही. सर, खूपच कमी आहे... "लागू नाही" या शब्दांचे दोन अर्थ होतात, सर. एक "नॉट ॲप्लिकेबल", आणि दुसरा... औषध लागू पडतं ना सर, तो... हो सर. भाषांतर मीच केलं होतं... हो सर, दहावीला मराठीत ब्याऐंशी होते... हो, पीएचडी मलाच हवीय सर... उद्या अकरापर्यंत? बेचाळीस फॉर्म?... जेवढे होतील तेवढे. ओके सर. आणि सर, गाडीचं... थँक्यू सर. सॉरी सर. ठेवते.

शालन : काय म्हणाले?

शेफाली : म्हणाले, उद्या अकरापर्यंत नवे फॉर्म आणलेस तर ट्रस्टला गाडी थांबवायला सांगतो. नाही आणले, तर गाडी जाते.

भीमराव : आणि तुमचा चॅप्टर?

शेफाली : तो गेला काका. परत लिहायचा.

शालन : अगं बाई... चल मग, बसलीस काय? मी येते संगं. खालनं सुरवात करू. श्यामलाबाई आत्ता घरीच आसंल, महिपतीला उठवू.

भीमराव : उठवू म्हणजे? तो झोपतच नाही ना?

शालन : तुमी गप बसा. आधी ह्यांचाच भर पोरी, मंजी जाताना दार लावून घेता येईल. ते पाचवं, "लागू न्हाई"चं उत्तर आधी खोडून टाक.

शेफाली : खोडलं. काका, आता प्रश्न मी सरळ विचारणार. घरातून बाहेर पडायला त्रास होतो?

भीमराव : थोडा.

शालन : थोडा?

भीमराव : बराच लिहा.

शालन : आठ म्हैन्यात पोराच्या पोराचा वाढदिवस झाला, चौदा एप्रिलची मिरवणूक झाली. बाल्कनीतनं हात हलवला ह्यांनी. खाली कुणाला दिसला न्हाई. बराच?

भीमराव : ...खूप. लिहा, खूप.

शेफाली : बोलताना दम लागतो?

भीमराव : बोलू देतंय कोण?

शेफाली : काका.

भीमराव : लागतो. बराच. म्हणून मी छोटी वाक्यं बोलतो. लोकांना वाटतं पुणेरी आहे.

शेफाली : वैवाहिक जीवनात समाधानी आहात?

भीमराव : हा प्रश्न दोघांच्या समोर विचारायची पद्धत आहे का शास्त्रात?

शालन : सांगा की! मी काय खाते का तुमाला?

भीमराव : समाधानी. पूर्ण. पुढं चला.

शेफाली : शेवटचा प्रश्न. "गेल्या चार आठवड्यांत, आपण घरच्यांवर ओझं झालो आहोत असं वाटलं का?"

भीमराव : पुढचा.

शेफाली : पुढचा नाही काका. हाच शेवटचा.

भीमराव : शालन, चहा टाक की जरा.

शालन : दूध न्हाई. बोला.

भीमराव : ...रोज.

शेफाली : काय?

भीमराव : रोज वाटतं, मॅडम. "खूप"वर टिक करा. ती दर गुरुवारी चौदा जिने चढून माझा पंप आणते. पाचव्या मजल्यापासून तिचा श्वास ऐकू येतो मला. वाटतं उठावं, चार पायऱ्या तरी खाली जावं, पिशवी घ्यावी हातातून. आणि ती दारात आली की मी खुर्चीतून विचारतो, का गं, उशीर का केलास? दुसरं काय विचारणार?

शालन : खोड ते.

शेफाली : काकू, नाही खोडता येत. नियम आहे, पेशंटनं स्वतः सांगितलेलंच लिहायचं.

शालन : ऱ्हाऊ दे तुझा नियम. माणूस ओझं झालाय का न्हाई, हे त्यानं कसं सांगायचं? उचलणाऱ्याला इच्चारायचं आसतं ते. मला इच्चार.

शेफाली : बरं, विचारते. काकू, काकांचं ओझं वाटतं तुम्हाला?

शालन : दळणाचा डबा जड जातो मला. ह्यांचं न्हाई. आसं लिही खाली, मी सही करते.