हात वर का केलास?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे प्राचार्य आणि विभागातले ज्येष्ठ सहकारी, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या आमच्या बाई, आणि सभागृहातल्या माझ्या सर्व शिक्षक-विद्यार्थी स्नेह्यांनो,

व्यासपीठाच्या पायऱ्या उंच आहेत आणि माझ्या कुबड्या आता माझ्यासारख्याच कुरकुरतात, म्हणून खालूनच बोलते. अध्यक्षांनी तशी परवानगी दिली आहे. नसती दिली तरी दुसरा इलाज नव्हता!

बाईंच्या विद्वत्तेबद्दल आधीच्या वक्त्यांनी भरभरून सांगितलं. मी फक्त एका जिन्याबद्दल बोलणार आहे.

‘शिक्षणातील सामाजिक न्याय आणि लोकशाही’ हा पदव्युत्तर अभ्यासक्रम बाईंनी इथे सुरू केला, तेव्हाच्या पहिल्या तुकडीतली मी. दिवसभर शाळेत शिकवायचं आणि संध्याकाळी इथे येऊन शिकायचं. वर्गात लोकशाही एवढी, की पंखा लावायचा की नाही यावरही मतदान! आमच्यात एक गणिताचे मास्तर होते. बोलायला उभे राहिले की बसायचं नाव नाही, म्हणून त्यांना आम्ही ‘सभापती’ म्हणायचो. त्यांनी एकदा ठराव मांडला, की तळमजल्यावरच्या कोंदट खोलीऐवजी वर्ग वरच्या मजल्यावर भरवावा. तिथे मोठ्या खिडक्या, वारा, उजेड. बाईंनी मत घेतलं. सगळे हात वर. ठराव एकमताने मंजूर. टाळ्यासुद्धा झाल्या.

त्यात माझाही हात होता.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गाला निघाल्या, तर मी जिन्याच्या वळणावर बसलेली. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या, श्वास लागलेला. त्यांनी विचारलं, “काल हात वर का केलास गं?”

“सवय होईल, बाई,” मी हसून म्हटलं.

बाई हलल्या नाहीत. साडी सावरून माझ्याशेजारी पायरीवर बसल्या. वर वर्ग खोळंबला होता, सभापती कठड्यावरून वाकून हाका मारत होते. मी खरं बोलेपर्यंत बाई थांबल्या. शेवटी माझ्या तोंडून निघालं, “सगळ्यांनी केला म्हणून. माझ्या एकटीपायी सगळ्यांची अडचण कशाला?” आणि मला रडू आवरेना.

त्या संध्याकाळी बाई वर्गासमोर म्हणाल्या, “चूक माझी आहे. न्याय शिकवते आणि काल नुसते हात मोजून मोकळी झाले.” वर्ग पुन्हा खाली आला. खुर्च्या सभापतींनीच उचलल्या, अर्थात बोलत बोलत. तेव्हापासून आमच्या वर्गाचा एक नियम झाला: निर्णयाची झळ ज्याला बसणार, त्याने आधी बोलायचं. मतदान त्यानंतर.

आज मी एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. या नियमामुळे आमच्या सभा लांबतात, शिक्षक माझ्या नावाने बोटं मोडतात. पण नियम मोडलेला नाही. कारण त्या जिन्यावर कोणी थांबलं नसतं, तर मी शिक्षण अर्धवट सोडून घरी बसले असते. हे मी बाईंना कधी सांगितलं नव्हतं. आज सांगते.

आता एक अप्रिय गोष्ट. निरोपाच्या वेळी असं बोलू नये, हे मला कळतं. बाईंच्या निवृत्तीबरोबर हा अभ्यासक्रम बंद करायचा, असा ठराव विभागाच्या बैठकीत झाला आहे. विद्यार्थी कमी, शिकवायला माणसं नाहीत. प्राचार्यांची अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण शेवटच्या रांगेत पहिल्या वर्षाचे विद्यार्थी बसलेत, शाळा सुटल्यावर धावत आलेले. त्यांच्या दुसऱ्या वर्षाचं काय? त्यांना कोणी विचारलं का?

आणि ठराव, मी ऐकलं, एकमताने झाला. म्हणजे बाई, तुमचाही हात वर होता.

अध्यक्ष महोदय, माझी विनंती एवढीच, की सत्काराला बाईंनी उत्तर देण्याआधी त्या मागच्या रांगेला बोलू द्यावं. आपण मला बोलू दिलंत, सर्वांनी ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. मर्यादा सोडून काही बोलले असेन तर मोठ्या मनाने पोटात घालावं.

बाई, तुम्हाला मात्र एक विचारायचं आहे. हात वर का केलात? सावकाश सांगा. तुम्ही थांबला होतात, तशी मी थांबते.